रिन्युअल १४ टक्क्यांनी वाढलं, ते ओबामाकेअरमुळेच का?

आधी प्रश्न थोडक्यात लिहिते, म्हणजे मध्येच वाचायला आलेल्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारे गृहस्थ मूळचे कोल्हापूरचे. इलिनॉयमध्ये अरोराजवळ त्यांचं सीएनसी मशीन शॉप आहे. ४१ माणसं पूर्णवेळ आणि १२ अर्धवेळ, आठवड्याला साधारण वीस तासांची. ग्रुप हेल्थ इन्शुरन्सचं रिन्युअल, म्हणजे पुढच्या वर्षाचा दर, या वेळी १४ टक्के वाढून आलं. ब्रोकर म्हणतो, "ओबामाकेअर आल्यापासून हे असंच आहे." (ओबामाकेअर म्हणजे अमेरिकेचा २०१० चा आरोग्यविमा कायदा.) हे कितपत खरं? पुढच्या वर्षी माणसं वाढवून पन्नासच्या वर गेलो तर काय होईल? आणि त्यापेक्षा इन्शुरन्स बंद करून सरळ दंड भरला तर स्वस्त पडेल का?

मी या धंद्यात बावीस वर्षं आहे. पहिली सात वर्षं एका इन्शुरन्स कंपनीत अंडररायटिंगच्या टेबलावर होते, म्हणजे तुमचे दर ठरवणाऱ्यांच्या बाजूला. नंतर टेबलाच्या अलीकडे आले, ब्रोकर झाले. त्यामुळे तुमच्या ब्रोकरचं वाक्य कुठून येतं ते मला चांगलं माहीत आहे. ते एकदा बोललं की समोरचा पुढचे प्रश्न विचारत नाही. २०१४-१५ च्या सुमाराला मीही दोन-चार वेळा तेच सांगून मोकळी झाले आहे, खोटं कशाला बोलू.

आधी आकडे बघू. केएफएफ ही आरोग्य धोरणाचा अभ्यास करणारी संस्था १९९९ पासून दर वर्षी कंपन्यांचा सर्व्हे करते. त्यानुसार कंपनीमार्फत घेतलेल्या फॅमिली पॉलिसीचा सरासरी वार्षिक प्रीमियम २००० साली ६,४३८ डॉलर होता. २०१० साली १३,७७०. त्याच वर्षी २३ मार्चला ओबामांनी कायद्यावर सही केली. २०२० साली २१,३४२ आणि २०२५ साली २६,९९३. म्हणजे कायद्याआधीच्या दहा वर्षांत वाढ ११४ टक्के आणि नंतरच्या दहा वर्षांत ५५ टक्के. वाढ कायद्यानेच रोखली असा दावा मी करणार नाही. मंदीनंतर लोक डॉक्टरकडे कमी जात होते, एकूण महागाई कमी होती, आणि कंपन्यांनी डिडक्टिबल, म्हणजे इन्शुरन्सने भरायला लागण्याआधी माणसाने स्वतः भरायची रक्कम, वाढवत नेलं होतं. एकट्या माणसाचं सरासरी डिडक्टिबल २०१० मध्ये ९१७ डॉलर होतं, ते २०२५ मध्ये १,८८६ झालं. खर्चाचा तेवढा भाग प्रीमियममधून उचलून कामगाराच्या खिशात ठेवला गेला. पण "कायदा आला आणि प्रीमियम भडकले" ही गोष्ट या आकड्यांत कुठे दिसत नाही.

देशभराच्या सरासरीने तुमचं समाधान होणार नाही, व्हायलाही नको. कारण लहान ग्रुपच्या बाबतीत, म्हणजे इलिनॉयमध्ये पन्नासपर्यंतच्या ग्रुपसाठी, या कायद्याने दर ठरवण्याची रीतच बदलली. मोठ्या कंपन्यांना त्याची झळ जेमतेम लागली.

जुनी रीत कशी होती ते सांगते. २०१४ च्या आधी आमच्या टेबलावर फॉर्मची चळत यायची. प्रत्येक कामगाराने स्वतःचे, बायकोचे, मुलांचे आजार त्यात लिहायचे. १९९६ च्या हिपा कायद्यामुळे लहान ग्रुपला इन्शुरन्स नाकारता येत नव्हता, पण राज्याच्या मर्यादेत राहून दर चढवता येत होता. नऊ माणसांचा एक छापखाना मला अजून आठवतो. त्यातल्या एका कामगाराच्या मुलाला हिमोफिलिया होता. मी फॉर्मच्या समासात पेन्सिलने खूण केली आणि त्या छापखान्याचा दर मर्यादेच्या वरच्या टोकाला गेला, नऊच्या नऊ जणांचा. कुणामुळे वाढला हे मालकाला आम्ही सांगत नसू. पण नऊ माणसांत ते कळायला कितीसा वेळ लागतो?

२०१४ पासून लहान ग्रुपमध्ये हे बंद झालं. आता दर ठरवताना चारच गोष्टी बघता येतात: वय, तंबाखू, भाग आणि कुटुंबात किती जण. आजार विचारायचा नाही. वयासाठी सरकारने आखलेला तक्ता आहे, त्यातल्या आकड्याने मूळ दराला गुणायचं. २१ ते २४ वर्षांच्या माणसाचा आकडा १.०००. चाळिशीच्या माणसाचा १.२७८, पन्नाशीच्या माणसाचा १.७८६, साठीच्या माणसाचा २.७१४. चौसष्टला ३.००० आणि तिथे तो थांबतो. कायद्याआधी बहुतेक राज्यांत म्हातारा आणि तरुण यांच्या दरांतलं अंतर याहून मोठं असायचं. तेव्हा या बदलात मार बसला तो तरुण आणि निरोगी पोरांच्या कंपन्यांना. पंचविशीतले बारा प्रोग्रामर असलेल्या मालकाने २०१४ मध्ये "आमच्यावर अन्याय झाला" असं म्हटलं, तर त्याचं खरंच होतं. तुमचं मशीन शॉप. तिथे हात बसलेली पन्नाशी-साठीची माणसं असणार. तुम्ही त्या बदलात बहुधा फायद्यात राहिलात, फक्त तसं तुम्हाला कुणी सांगितलं नाही.

आता तुमच्या १४ टक्क्यांकडे या. तुमचा सेटअप करणारा माणूस गेल्या वर्षी ५० चा होता, आता ५१ चा झाला. तक्त्यात त्याचा आकडा १.७८६ वरून १.८६५ वर गेला. म्हणजे हॉस्पिटलांनी एक सेंटही वाढवला नसता, तरी त्याचा प्रीमियम ४.४ टक्क्यांनी वाढलाच असता. २४ चा हेल्पर २५ चा झाला की १.००४, म्हणजे काहीच नाही. तुमची माणसं टिकून असतील (चांगला मालक आहात, असं दिसतं) तर १४ मधले तीनेक टक्के निव्वळ वाढदिवसांचे असावेत. रिन्युअलच्या कागदात जुनं आणि नवं वय शेजारी शेजारी छापलेलं असतं. ब्रोकरला सांगा, वाढीतला वयाचा भाग वेगळा काढून दे. दहा मिनिटांचं काम आहे.

शिरोली एमआयडीसीत फाउंड्री चालवणाऱ्या तुमच्या नातेवाइकांना हे विचित्र वाटेल. तिथे ईएसआयसाठी मालकाने पगाराच्या ३.२५ टक्के भरायचे. कामगार पंचविशीचा असो की अठ्ठावन्नचा, टक्का तोच. महिना २१,००० रुपयांच्या वर पगार गेला की कामगार त्यातून बाहेर, हा भाग वेगळा. इथे प्रीमियम पगारावर ठरत नाही. महिना तीन हजार कमावणाऱ्या हेल्परची फॅमिली पॉलिसी आणि इंजिनिअरची फॅमिली पॉलिसी, वय सारखं असेल तर किंमतही सारखीच.

दुसरा भाग डिडक्टिबलचा, आणि इथे मी मालकांना कागदावर गणित मांडून दाखवते. बिल १०,००० डॉलर, डिडक्टिबल २,०००. इन्शुरन्स कंपनी ८,००० भरते. पुढच्या वर्षी तेच बिल ८ टक्क्यांनी वाढून १०,८०० झालं, डिडक्टिबल तेवढंच ठेवलं. कंपनी आता ८,८०० भरते. बिल वाढलं ८ टक्के, कंपनीचा भार वाढला १० टक्के. म्हणून "बातमीत तर खर्च ८ टक्क्यांनी वाढला म्हणतात, मग आमचा प्रीमियम इतका कसा?" या प्रश्नाचं थोडं उत्तर इथे आहे. डिडक्टिबल जितकं मोठं, तितका हा परिणाम जास्त. आणि हा कुठल्या कायद्याचा नव्हे, साध्या वजाबाकीचा परिणाम आहे.

उरलेला मोठा भाग हॉस्पिटल आणि औषधं. इथे मी जरा थांबणार, कारण खरा पैसा इथे जातो.

रँड या संस्थेने २०२२ च्या क्लेमवरून हिशेब मांडला, की खाजगी इन्शुरन्सवाले हॉस्पिटलांना मेडिकेअरच्या सरासरी २५४ टक्के दर देतात. म्हणजे ज्या कामाला सरकार म्हाताऱ्यांसाठी १०० डॉलर देतं, त्याच कामाला तुमच्या ग्रुपकडून २५४ घेतले जातात. ओबामाकेअरने या दराला हातही लावला नाही. कुणाला इन्शुरन्स मिळावा, त्यात काय असावं, कोणता खर्च कुणाच्या खात्यात जावा, हे कायद्याने ठरवलं. हॉस्पिटलने गुडघ्याच्या ऑपरेशनला किती घ्यावेत हे ठरवलं नाही. कायदा पास होताना हॉस्पिटलं आणि औषध कंपन्या विरोधात उभ्या राहिल्या नाहीत, त्याचं एक कारण हेही होतं.

मला स्वतःला आलेला अनुभव. माझे हाडांचे डॉक्टर एका छोट्या क्लिनिकमध्ये बसायचे. ते क्लिनिक एका मोठ्या हॉस्पिटल समूहाने विकत घेतलं. खोली तीच, खुर्ची तीच, डॉक्टर तेच, भिंतीवरचा सांगाड्याचा तक्तासुद्धा तोच. पण पुढच्या वेळी बिलात "फॅसिलिटी फी" म्हणून वेगळी ओळ आली, कारण कागदोपत्री आता मी "हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागात" गेले होते. मी स्वतः ब्रोकर असून फोनवर चाळीस मिनिटं भांडले आणि हरले. तुमच्या ग्रुपमध्ये वर्षभरात अशा किती भेटी होत असतील! डॉक्टरांची क्लिनिकं विकत घेण्याचं हे सत्र कायद्याच्या आधीच सुरू झालं होतं. कायद्याने हॉस्पिटल आणि डॉक्टरांनी एकत्र येऊन काम करावं म्हणून उत्तेजन दिलं, त्याने वेग वाढला असं माझं मत आहे. ओबामाकेअरला शिव्याच द्यायच्या असतील तर या जागी द्या, मी अडवणार नाही.

औषधांचं म्हणाल तर वजन कमी करायच्या इंजेक्शनांनी गेल्या दोन-तीन वर्षांत रिन्युअलं हलवली आहेत. वेगोव्ही बाजारात आलं तेव्हा त्याची छापील किंमत महिन्याला १,३४९ डॉलर होती. तुमच्यासारख्या ग्रुपमध्ये तिघांनी जरी सुरू केलं तरी वर्षाला किती होतात ते तुम्हीच गुणा.

आता कायद्याच्या खात्यात खरोखर जमा करायचे खर्च. मुलांना सव्वीस वर्षांचे होईपर्यंत आईवडिलांच्या पॉलिसीत ठेवणं हे २०१० च्या सप्टेंबरपासून लागू झालं. त्याने प्रीमियम ०.७ टक्के वाढेल असा सरकारचा तेव्हाचा मधला अंदाज होता. लसी, तपासण्या कोपेशिवाय, म्हणजे दर भेटीला खिशातून द्यायच्या रकमेशिवाय. आयुष्यभराच्या रकमेची मर्यादा काढून टाकली. प्रत्येकाचा थोडा थोडा खर्च. शिवाय एक फी होती: २०१४ मध्ये माणशी ६३ डॉलर, पुढच्या वर्षी ४४, मग २७, आणि तिथे ती संपली. इन्शुरन्स कंपन्यांवरचा वार्षिक कर प्रीमियममधून तुमच्याकडूनच वसूल व्हायचा, तोही २०२१ पासून रद्द. हे सगळं जुनं झालं. आज तुमच्या १४ टक्क्यांत त्यातलं काही शोधत बसू नका.

एका कराचं मात्र गमतीशीर झालं. महागड्या पॉलिसींवर ४० टक्के कर लावायचा होता, एकट्यासाठी १०,२०० आणि कुटुंबासाठी २७,५०० डॉलरच्या वरच्या रकमेवर. लोक त्याला "कॅडिलॅक टॅक्स" म्हणत. सुरू व्हायचा होता २०१८ मध्ये. मग २०२०, मग २०२२, आणि २०१९ च्या डिसेंबरमध्ये रद्दच केला. त्या जुलैत प्रतिनिधिगृहात रद्द करण्याच्या बाजूने ४१९ मतं पडली, विरोधात ६. वॉशिंग्टनमध्ये इतकं एकमत आईस्क्रीम फुकट वाटण्यावरसुद्धा होणार नाही. एक दिवसही न लागलेल्या या कराने एक काम मात्र करून ठेवलं. त्याला घाबरून मोठ्या कंपन्यांनी चार-पाच वर्षं आधीपासून डिडक्टिबलं वाढवली, आणि कर गेला तरी ती काही खाली आली नाहीत.

इन्शुरन्स कंपन्यांवर एक लगामही आला. लहान ग्रुपच्या प्रीमियमपैकी ८० टक्के आणि मोठ्या ग्रुपच्या ८५ टक्के रक्कम उपचारांवर खर्च झालीच पाहिजे. कमी झाली तर फरक परत. त्याचा चेक सप्टेंबरअखेर येतो. तुम्हाला कधी आला असेल तर तो शॉपच्या खात्यात गुपचूप जमा केला नव्हता ना? कामगार प्रीमियमचा वाटा भरत असतील तर त्या चेकमधला त्यांचा वाटा त्यांना द्यावा लागतो, तोही तीन महिन्यांत. मराठी, गुजराती, अमेरिकन, सगळेच मालक इथे चुकतात. लगामाची दुसरी बाजू अशी, की नफा जर टक्क्यांत बांधला असेल तर एकूण बिल मोठं होण्यात कंपनीचं फार काही बिघडत नाही. वीस टक्के मोठ्या रकमेचे केव्हाही बरे.

आता तुमच्या ब्रोकरचं वाक्य जिथे खरोखर खरं ठरतं त्या जागी येऊ. तुमच्याकडे या महिन्यात कुणीतरी "लेव्हल-फंडेड" प्लॅन घेऊन येईल, कदाचित आलाही असेल. १५-१८ टक्के स्वस्त. मालक खूश होतात. यात तुम्ही स्वतःच आपल्या माणसांचा खर्च उचलता, दर महिन्याला ठरलेली रक्कम भरता, आणि खर्च फार वर गेला तर "स्टॉप-लॉस" नावाची वेगळी पॉलिसी वरचा भार घेते. कायद्याच्या भाषेत हा इन्शुरन्सच नाही, म्हणून लहान ग्रुपचे चार नियम याला लागत नाहीत. आजार विचारता येतात. माझी ती पेन्सिल इथे जिवंत आहे, फक्त आता ते काम कॉम्प्युटर औषधांच्या नोंदी चाळून करतो.

मग होतं असं, की निरोगी ग्रुप त्या दाराने बाहेर पडतात आणि आजारी ग्रुप कायद्याने बांधलेल्या सामायिक दराच्या टोपलीत उरतात. टोपली दर वर्षी जड होते. तुम्ही त्या टोपलीत आहात. तुमच्या १४ मधले काही टक्के शेजारच्या निरोगी शॉपने दिलेले आहेत असं समजा. किती, ते वेगळं काढून दाखवता येत नाही, पण कायद्यात राहिलेल्या या फटीमुळे ते आहेत हे नक्की.

"मग मीही बाहेर पडतो," असं तुम्ही म्हणाल. बाहेर पडण्याआधी "लेझर" हा शब्द पाठ करा. माझ्या एका क्लायंटने, २८ माणसांचा धंदा, माझं न ऐकता लेव्हल-फंडेड घेतलं. पहिलं वर्ष उत्तम गेलं, थोडे पैसे परतही आले. दुसऱ्या वर्षी त्यांच्या अकाउंटंटला रक्ताचा कॅन्सर निघाला. तिसऱ्या वर्षीच्या स्टॉप-लॉसच्या कोटमध्ये त्या एका बाईंपुढे वेगळा आकडा छापून आला: बाकी सगळ्यांसाठी ४०,००० डॉलरच्या वर स्टॉप-लॉस कंपनी भरणार, यांच्यासाठी ३,००,००० च्या वर. यालाच लेझर म्हणतात. प्लॅनमधून त्या बाईंना काढता येत नाही, कायद्याने नाही आणि माणुसकीनेही नाही. मधले दोन लाख साठ हजार मालकाच्या खिशातून. तो मुकाट्याने सामायिक दराच्या टोपलीत परत आला, आणि तिथे त्याला कुणी आजार विचारला नाही. तुमची माणसं पन्नाशीची आहेत. घ्यायचंच असेल तर कोटमध्ये "रिन्युअलला लेझर नाही" हे लेखी आहे का ते बघा. त्याला थोडे जास्त पैसे पडतात. पडू देत.

पन्नासचा प्रश्न. पन्नास माणसं झाली की कायद्याने पूर्णवेळ माणसांना इन्शुरन्स द्यावा लागतो, नाहीतर दंड. तुम्ही ४१ लिहिलंत आणि नऊ जागा शिल्लक आहेत असं धरून चाललात. कायदा तसं मोजत नाही. आठवड्याला ३० किंवा जास्त तास काम करणारा पूर्णवेळ. बाकीच्यांचे महिन्याचे तास एकत्र करून १२० ने भागायचं. तुमचे १२ जण, प्रत्येकी महिन्याला ८० तास, म्हणजे ९६०. भागिले १२०, म्हणजे ८. तेव्हा तुम्ही ४९ वर आहात, ४१ वर नाही. एक माणूस घेतलात की पन्नास. हा हिशेब वर्षाच्या बारा महिन्यांच्या सरासरीने होतो आणि त्यावरून पुढच्या वर्षीचं ठरतं.

आणि तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंय की मिसेसच्या नावावर पॅकिंगची एक छोटी एलएलसी (वेगळी नोंदवलेली कंपनी) आहे, सहा माणसांची. मालकी एकाच घरात असेल तर दोन्ही धंदे एकत्र मोजले जाऊ शकतात. नवराबायकोच्या बाबतीत सूट आहे, पण ती तुम्ही त्या कंपनीत काहीच करत नसाल, वाटा नाही, पद नाही, नोकरी नाही, तरच. तुम्ही तिथले चेक सही करत असाल तर तुम्ही बहुधा आजच पन्नास ओलांडलेले आहात. आपल्या लोकांत मोटेल, गॅस स्टेशन, दुकान प्रत्येकाची वेगळी एलएलसी काढायची पद्धत आहे. करासाठी, जोखमीसाठी ती ठीक. या मोजणीत तिचा उपयोग नाही. तुमच्या सीपीएला, म्हणजे हिशेब-कर बघणाऱ्याला, हे या आठवड्यात विचारा.

पन्नास झाल्यावर आभाळ कोसळत नाही. तुम्ही पूर्णवेळ माणसांना इन्शुरन्स देताच आहात. मुख्य वाढतो तो कागदोपत्री व्याप: प्रत्येक पूर्णवेळ माणसासाठी १०९५-सी हा फॉर्म आणि आयआरएसला, म्हणजे कर खात्याला, त्याची नोंद. दुसरं, "परवडणारा" असण्याची अट. २०२६ साठी ती ९.९६ टक्के आहे. तुमच्या सगळ्यात कमी पगाराच्या पूर्णवेळ माणसाला तासाला १७ डॉलर मिळत असतील, तर १३० तास गुणिले १७, त्याचे ९.९६ टक्के, म्हणजे साधारण २२० डॉलर. त्याच्या एकट्याच्या पॉलिसीसाठी महिन्याला याहून जास्त पगारातून कापायचं नाही. बायकामुलांच्या प्रीमियमला ही अट नाही, आणि बऱ्याच कंपन्यांत हेल्परच्या घरचे कंपनीच्या इन्शुरन्सबाहेर राहतात त्याचं एक कारण हे. तिसरं, आणि मालक हे विसरतात: पन्नासच्या वर गेलात की सामायिक दराचं संरक्षण सुटतं. तिथे वयाचा सरकारी तक्ता नाही, तुमच्या ग्रुपचे क्लेम बघून दर लागतो. तुमच्याकडे कुणी मोठं आजारी नसेल तर हे फायद्याचं. असेल तर ५१ वा माणूस घेण्याची तारीख रिन्युअलशी जुळवून घ्या.

राहिला दंड. पन्नासच्या आत असाल तर दंडच नाही, इन्शुरन्स बंद करायला कायदा आडवा येत नाही. पन्नास किंवा त्याहून जास्त असाल आणि पूर्ण बंद केलंत, तर २०२६ च्या दराने प्रत्येक पूर्णवेळ माणसामागे ३,३४० डॉलर, पहिले ३० सोडून. अर्धवेळवाले पन्नास मोजताना धरतात, दंड मोजताना नाही. ४२ पूर्णवेळ धरले तर १२ गुणिले ३,३४०, म्हणजे ४०,०८०. तुमच्या सध्याच्या प्रीमियमपुढे हे किरकोळ दिसणार, आणि तुम्ही हा प्रश्न विचारलात तो म्हणूनच. पण दंड करात वजा मिळत नाही, प्रीमियम मिळतो.

आणि कामगाराच्या बाजूने बघा. दुसऱ्या महायुद्धात सरकारने पगार गोठवले तेव्हा कंपन्यांनी माणसं धरून ठेवायला इन्शुरन्स देणं सुरू केलं, आणि १९५४ च्या करकायद्याने त्यावरची करमाफी पक्की केली. तुम्ही प्रीमियमला दिलेल्या डॉलरवर त्याला इन्कम टॅक्स नाही. सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ टक्के त्याला नाहीत, तुम्हालाही नाहीत. तोच डॉलर पगारात दिलात की हे सगळं लागतं, आणि उरलेल्यातून त्याने मार्केटप्लेसवर, म्हणजे कायद्याने उभ्या केलेल्या इन्शुरन्सच्या सरकारी बाजारात, पॉलिसी घ्यायची. २०२१ पासूनची वाढीव सबसिडी २०२५ अखेर संपली. २०२६ च्या हिशेबाने एकट्या माणसाचं उत्पन्न ६२,६०० डॉलरच्या वर गेलं की मदत शून्य. तुमचा साठीचा सेटअपवाला ओव्हरटाइम धरून त्याच्या वर असणारच. त्याला २.७१४ च्या आकड्याने पूर्ण किंमत मोजावी लागेल. समोरच्या शॉपमध्ये इन्शुरन्स मिळतोय हे त्याला पहिल्याच महिन्यात कळेल.

मी तुमच्या जागी असते तर या वर्षी प्लॅन सोडला नसता. डिडक्टिबल एक पायरी वाढवून, वाढलेल्या डिडक्टिबलचा काही भाग एचआरएमधून, म्हणजे उपचाराचा खर्च भरून द्यायला मालकाने ठेवलेल्या खात्यातून, कामगाराला परत दिला असता. सगळेच डिडक्टिबलपर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे प्रीमियममध्ये वाचलेले सगळे पैसे त्यात जात नाहीत. आणि कामगारांना जानेवारीत डब्ल्यू-टू, म्हणजे वर्षाच्या पगाराचा करासाठीचा कागद, देताना बारा नंबरच्या चौकटीतला "डीडी"चा आकडा बोटाने दाखवला असता. त्यांच्या इन्शुरन्सची एकूण किंमत तिथे छापलेली असते, तुमचा वाटा आणि त्यांचा वाटा धरून. तुमच्या आकाराच्या कंपन्यांना तो छापणं बंधनकारक नसतं, पण पेरोलवाल्याला सांगितलं तर तो छापतो. "साहेब पगार वाढवत नाहीत" म्हणणाऱ्या माझ्या एका क्लायंटच्या कामगाराने तो २४ हजारांचा आकडा बघून विचारलं होतं, "हे माझे आहेत?" तेव्हा मालकाकडे उत्तर तयार नव्हतं. तुम्ही तयार ठेवा.

रिन्युअलचा कागद, माणसांची नावं काढून फक्त वयं, आणि अर्धवेळवाल्यांचे गेल्या बारा महिन्यांचे तास एवढं पाठवलंत तर वाढीतलं वयाचं किती आणि बाकीचं किती, ते मी काढून देते. पॅकिंगच्या कंपनीचे चेक कोण सही करतं, तेही लिहा.